निरोगी ऑर्किडला ‘व्हायरस’ आणि मला 8,800 चा चुना

बँकेत 31 वर्षं कॅशियर होते. खोटी नोट नुसत्या बोटांना कळायची. आणि एका भामट्याने ठाण्यातल्या पाचपाखाडीत, माझ्याच घरात, माझाच चहा पिऊन मला गंडवलं. लिहायची लाज वाटते, पण तो अजून ठाण्यात फिरतोय.

सगळं नेहमीचंच. ग्रुपवर आलेला नंबर, ‘ऑर्किड डॉक्टर’, तपासणीचे 500. माझ्या फॅलेनोप्सिस जातीच्या ऑर्किडच्या पानांवर फिकट, कोरडे चट्टे होते. गळ्यातलं भिंग लावून म्हणाला, “काकू, व्हायरस. आठवड्यात सगळ्या कुंड्या जातील.” मग ‘थायलंडचं औषध’, 2,400 ची एक अशा दोन बाटल्या. शिवाय सात झाडं उपचाराला नेली, त्याचे 3,500. झाडं गेली, फोन बंद.

पण मला जाळतंय ते वेगळंच. त्याने एका झाडाचं पान कापलं आणि तीच कात्री, न पुसता, दुसऱ्याला लावली. मी समोर उभी होते! ऑर्किडचा व्हायरस कात्रीतून पसरतो, त्यावर औषध नसतं, झाड टाकूनच द्यावं लागतं. दर झाडामागे पातं जाळावर धरायचं, हे मीच भाचीला शिकवलंय. व्हायरस म्हणणारा माणूस व्हायरसचंच औषध विकत होता आणि मी जीपे उघडत होते. त्याच आठवड्यात ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. असो.

चट्टे उन्हाचे होते हो! गॅलरी दक्षिणेची. पावसाळाभर झाडं सावलीत, मग सूर्य दक्षिणेला कलतो आणि ऑक्टोबरचं ऊन थेट पानावर. असा चट्टा उन्हाकडच्याच अंगाला येतो, कोरडा असतो, पसरत नाही. कुंडी आत सरकवायची, संपलं. घाबरायचं ते पाणचट डागाला: बोटाला मऊ लागतो, कुजका वास येतो, दोन दिवसांत पान खातो. तेव्हा झाड वेगळं ठेवा, निरोगी भागापर्यंत कापा, कापल्या जागी दालचिनीची पूड लावा. मुळांना ती लावू नका, मुळं सुकतात.

त्याच्या सांगण्यावरून उरलेल्यांवर औषध संध्याकाळी फवारलं. रात्रभर पाणी गाभ्यात साचलं, आणखी तीन झाडं कुजली. पाणी सकाळीच घाला.

पोलिसांकडे गेले. “झाडांची तक्रार?” म्हणून शेजारच्या टेबलावर हसले. पैसे फोनवरून गेले म्हणून सायबरवाल्यांकडे पाठवलं. ते म्हणाले, तुम्ही स्वतःच दिलेत, ही ऑनलाइन फसवणूक नाही. कृषी खात्यात बाटली नेली, तर लेबल नाही म्हणून कोणतं औषध ते सांगता येत नाही! अहो, लेबल नाही हीच तर तक्रार आहे! बुरशीनाशकाच्या बाटलीवर नोंदणी क्रमांक, बॅच, मुदत आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण हवाच. नसेल तर हात लावू नका. बिल मागा. बिल असेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करणं सोपं जातं. माझ्याकडे बिल कुठलं?

गेल्या आठवड्यात दुसऱ्या ग्रुपवर, वेगळ्या नंबरवरून, एक फॅलेनोप्सिस विकायला आली. 900 रुपये. कुंडीवर मी ऑइलपेंटने काढलेला 4 होता. स्क्रीनशॉट घेऊन पुन्हा चौकीत गेले. हवालदारांनी फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, “कुंडीवर तुमचं नाव आहे का?”