60 रुपयाचे स्नॅप आणि माझा बुडालेला लुअर

रिव्ह्यू तसा एका बारक्या वस्तूचा आहे, लुअरच्या (म्हणजे गळ लावलेल्या नकली माशाच्या) नाकात अडकवायचा स्नॅप, दोरी आणि लुअर जोडणारी क्लिप. बोटाच्या नखाएवढी तार. पण असल्याच एका स्वस्तातल्या तारेपायी माझा 450 रुपयाचा क्रँकबेट (डुलत पोहणारा लुअर) पंचगंगेच्या तळाला गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, वैताग आला तर सोडून द्या.

आधी काय झालं ते सांगतो. मी आधी गांडूळ आणि कणकेवरच मासे धरायचो, तंगूस, शिसं, गळ, विषय संपला. लुअरचा नाद दोन वर्षांपूर्वी लागला. ऑनलाइन बघून बघून चार हार्ड लुअर मागवले आणि त्याच ऑर्डरमध्ये 30 रुपयात 20 नग असलेलं स्नॅप-स्विव्हलचं एक पाकीट टाकलं, कारण फ्री डिलिव्हरीला तेवढेच कमी पडत होते. कंपनीचं नाव सांगत नाही, खरं तर पाकिटावर धड नाव नव्हतंच. दिसायला सेफ्टी पिनेसारखं, एका बाजूला गोल फिरणारी कडी, म्हणजे स्विव्हल, दुसऱ्या बाजूला पिन. मला वाटलं झकास, गाठीची कटकट गेली.

राजाराम बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, सकाळी साडेसहाची वेळ, थंडीचे दिवस. (पावसाळ्यात हाच बंधारा पाण्याखाली जातो आणि अख्खं कोल्हापूर फुटाचे आकडे मोजत बसतं, 39 ला इशारा, 43 ला धोका. मासे धरायला मी तिकडं तेव्हा अजिबात जात नाही आणि तुम्हीही जाऊ नका.) तिसऱ्या चौथ्या कास्टला दणका बसला, रॉड वाकला, रीळ किरकिरलं, माझं काळीज तोंडात, आणि दहा सेकंदात सगळं ढिलं. ओढून बघतो तर दोरी शाबूत, गाठ शाबूत, स्विव्हल शाबूत आणि ती पिन मात्र सरळ होऊन उघडी पडलेली, दाताच्या कोरणीसारखी. मासा शिवडा होता की मोठी मरळ होती देव जाणे. शेजारी वेताची काठी लावून बसलेले एक मामा होते, ते नुसते एवढंच म्हणाले, "दागिना घातलास, पण हुक कच्चा निघाला की रं."

त्यानंतर मी दोन महिने रागानं डायरेक्ट गाठ मारायला लागलो. आणि तिथं दुसरं रामायण. ब्रेडला, म्हणजे विणलेल्या दोरीला, साधी क्लिंच गाठ मारली तर दोरी गुळगुळीत असल्यानं ती घसरते, म्हणून सगळे सांगतात पालोमार गाठ मार, ब्रेडला ती चांगली धरते. खरंय, धरते. पण पालोमारमध्ये दुहेरी दोरीचा फास करून त्याच्यातून लुअरच पार काढावा लागतो. साध्या गळाला ठीक आहे, पण हार्ड लुअरला पोटाला एक आणि शेपटीला एक असे दोन ट्रेबल (तीन टोकांचे गळ) लटकतात, म्हणजे सहा टोकं, आणि ती सहाच्या सहा त्या फासात अडकतात, मग शर्टात, मग बोटात. वाऱ्यात, पहाटेच्या अंधारात, बोटं गारठलेली असताना एकदा करून बघा.

तर आता मूळ मुद्दा. आमच्या पेठेत जाळी, शिसं, तंगूस विकणारं एक जुनं दुकान आहे, अलीकडं त्यांनी एका कपाटात लुअर पण ठेवलेत. दुकानदार मामांना माझी कहाणी सांगितली तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला की स्विव्हल कशाला लावलंस. मी म्हटलं दोरीला पीळ पडू नये म्हणून. ते म्हणाले पीळ पाडतो तो फिरणारा स्पिनर, तुझा क्रँक गोल फिरतो का डुलतो? डुलतो. मग त्याला स्विव्हल लागतंय कशाला, उगंच नाकावर वजन. आणि काचेच्या बरणीतनं स्विव्हल नसलेले नुसते स्नॅप काढून प्लास्टिकच्या पिशवीत 10 मोजून दिले, 60 रुपये. म्हणजे नगाला 6. आधीचे दीड रुपयाचे होते, चौपट महाग, मी तोंड वाकडं केलं पण घेतले.

ह्या स्नॅपची रचना वेगळी आहे. जुन्या पिनेत तारेचं टोक पत्र्याच्या घडीत नुसतं टेकवलेलं असतं, ओढ बसली की पत्रा फाकतो आणि टोक सुटतं. ह्याच्यात पत्राच नाही, एकच तार दोन्ही टोकांना आकडा करून स्वतःवरच अडकवलेली आहे, त्यामुळं ओढ बसली की ते आकडे आणखी घट्ट बसतात. शिवाय लुअर जिथं लटकतो ते टोक चांगलं रुंद गोल आहे. हे महत्त्वाचं आहे, कारण टोक जर चिमटीसारखं निमुळतं असेल तर लुअरची कडी तिथं आवळून बसते आणि डुलणं कमी होतं.

मी घरी टेस्ट केली. बाथरूमच्या दाराच्या कडीला ब्रेड बांधला, त्याला स्नॅप आणि स्नॅपला बादली. आई म्हणाली बादली फुटली तर नवी तुझ्या पैशानं येणार. मग तांब्यानं पाणी ओतत गेलो, लिटरला एक किलो असा सरळ हिशोब. जुनी सेफ्टी पिन 6 लिटरच्या आसपास फाकली, दोन पिना तपासल्या, दुसरी तर 5 लाच गेली. नवीन स्नॅपनं भरलेली 10 लिटरची बादली पाच मिनिटं धरली आणि थोडाही वाकला नाही. त्याच्या पुढं बादलीच मोठी नव्हती. हे काही लॅबचं टेस्टिंग नाही, आणि मासा हिसका देतो, बादली देत नाही, तरी फरक समजायला पुरेसं आहे.

खरा फायदा मात्र ताकदीचा नाहीच. पालोमार आता मी घरी निवांत चहा पीत स्नॅपलाच मारतो, स्नॅप त्या फासातून सहज जातो, ना टोकं ना बोचाबोची. बंधाऱ्यावर गेलं की नुसतं लुअर अडकवायचा. पाणी गढूळ असलं तर आवाज करणारा लिपलेस लुअर, निवळ असलं तर छोटा मिनो (बारक्या माशासारखा लुअर), कडेला शेवाळ असलं तर पॉपर (पाण्यावर तरंगणारा लुअर), बदलायला पाच सेकंद. आधी प्रत्येक बदलाला लीडरची, म्हणजे ब्रेडपुढं जोडलेल्या तुकड्याची, चारपाच इंच दोरी कापली जायची, दुपारपर्यंत लीडर अर्धा. (मी ब्रेडपुढं 20 पौंडी नायलॉनचा लीडर लावतो, दगडाला आणि मरळीच्या दातांना ब्रेड एकटा टिकत नाही. लीडर असला की स्नॅपची गाठ लीडरवर येते, तिथं क्लिंच पण चालते.)

आता तोटे, कारण दुकानदार मामा ओळखीचे आहेत म्हणून नुसतं गोड बोलणार नाही.

छोट्या लुअरला हा स्नॅप जड आहे. माझ्याकडं 5 सेंटीचा एक तरंगता मिनो आहे, त्याला लावला तर थांबवल्यावर नाक खाली करून उभा राहतो, आधी तो आडवा तरंगायचा. मामांकडं बारका साईज मागितला तर म्हणाले संपलाय, पुढच्या आठवड्यात. हे पुढच्या आठवड्यात मी गेले दोन महिने ऐकतोय. पॉपरची पण तीच तऱ्हा, तो पाण्यावर राहायला पाहिजे, नाकाला लोखंड आणि पुढं फ्लुरोकार्बनचा लीडर, जो मुळात बुडणारा, असं दोन्ही लावलं तर तोंड पाण्यात खुपसून घेतो. त्याला नायलॉनच बरा.

अशा लुअरला मी रापाला गाठ मारतो, म्हणजे फासाची गाठ, जी नाकाला आवळत नाही, कडीत ढिला फास राहतो आणि लुअर मोकळा डुलतो. फिनलंडच्या लाउरी रापालानं 1936 साली बुचाच्या लाकडाचा लुअर कोरला, वरून चॉकलेटची चांदी लावली, कारण त्यानं बघितलं होतं की मोठा मासा कळपातल्या लंगडणाऱ्या माशावरच झडप घालतो. सगळी जादू त्या लंगड्या डुलण्यात आहे आणि नाकावर आवळलेली गाठ नेमकं तेच मारून टाकते. गाठ अशी: टोकापासून पाचेक इंचावर साधी ढिली गाठ, टोक लुअरच्या कडीतून, परत त्या ढिल्या गाठीतून, जेवढा फास पाहिजे तेवढा ठेवून मूळ दोरीभोवती तीन वेढे, टोक ढिल्या गाठीच्या मागच्या बाजूनं आत, आणि शेवटी त्यानं जो नवीन फास तयार होतो त्यातून बाहेर. मग थुंकी लावून हळू ओढायचं. थुंकी विसरलात तर घर्षणानं दोरी तापते आणि गाठ तिथंच कच्ची होते, हे मी दोन लुअर घालवून शिकलोय. पहिल्या दहा वेळा जमणार नाही, घरी जाड सुतळीवर सराव करा.

आणखी एक घोळ, जो दुकानात कुणी सांगत नाही. काही लुअरच्या नाकाला आधीच बारकी दुहेरी कडी असते, स्प्लिट रिंग. तिला गाठ मारली तरी लुअर डुलतोच. त्याच्यावर परत स्नॅप लावला तर लोखंडावर लोखंड. मी एक काहीतरी ठेवतो, रिंग काढून स्नॅप, नाहीतर रिंगवर गाठ. रिंगवर गाठ मारली तर ती रिंगच्या फटीत सरकली नाही ना बघा, तिथं धार असते, दोरी कापली जाते.

आणि लुअर एका बाजूला पळत असेल तर स्नॅपला शिव्या देऊ नका. डावीकडं पळत असेल तर नाकाची कडी पकडीनं इवलीशी उजवीकडं वाकवा, सरळ येतो. मी आधी तीन स्नॅप बदलले, मग अक्कल आली.

टिकाऊपणाबद्दल सांगायचं तर चार महिने झाले, 10 मधले 7 शिल्लक. दोन दगडात अडकून दोरीसकट गेले, तो माझा दोष. स्नॅप दहाबारा वेळा उघडझाप केला की आकडा थोडा सैल वाटतो, जास्त सैल झाला की मी टाकून देणार, 6 रुपयासाठी 450 चा जुगार खेळत नाही. गंज अजून नाही, पण मी वापरून पुसतो, गोडं पाणी आहे म्हणून बरंय. उघडायला पण जरा कडक आहेत, नखं कापलेली असली तर पकड लागते.

मार्क द्यायचे तर पाचपैकी चार. एक मार्क बारक्या साईजच्या पुढच्या आठवड्याचा कापला. दुकानाला मात्र साडेतीनच, मामा माणूस सोन्यासारखा पण बिल मागितलं की ऐकू येत नाही.

राहता राहिला दहावा स्नॅप, तो मी त्या वेताच्या काठीवाल्या मामांना दिला, म्हटलं हा घ्या, पक्का हुक. बघितला, उलटा सुलटा केला, खिशात टाकला. गेल्या रविवारी बघतो तर त्यांच्या लुनाच्या किल्लीला लावलाय.