‘कार्ड’ आणि आरजीआय: जीनोममधली प्रतिरोधी जनुकं शोधताना

अँटिबायोटिक प्रतिरोधाच्या जनुकांसाठी आम्ही सर्वांत आधी उघडतो तो डेटाबेस म्हणजे कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठाचा ‘कार्ड’. त्यावरचा पहिला शोधनिबंध २०१३ साली आला. भरवसा वाटतो तो त्याच्या कडक चाळणीमुळे. जनुकावर शोधनिबंध छापून आलेला हवा, त्याचा क्रम जेनबँक या सार्वजनिक डीएनए-संग्रहात हवा आणि ते जनुक आलं की एमआयसी, म्हणजे जिवाणूची वाढ रोखायला लागणारी औषधाची किमान मात्रा, वाढते हे प्रयोगानं दाखवलेलं हवं. हे सगळं जाणकार माणसं वाचतात, मगच नोंद होते.

सोबतचं आरजीआय हे सॉफ्टवेअर तुमचा जीनोम या नोंदींशी ताडून बघतं. प्रॉडिगल हा प्रोग्राम आधी कॉन्टिगमधली, म्हणजे जोडून तयार झालेल्या डीएनएच्या सलग तुकड्यांमधली, जनुकं हेरतो, मग ब्लास्ट किंवा डायमंड हे क्रम जुळवणारे प्रोग्राम त्यांची प्रथिनं नोंदींशी जुळवतात. संदर्भ-प्रथिनाशी पूर्ण लांबीभर तंतोतंत जुळलं तर ‘परफेक्ट’. त्या जनुकासाठी ठरवलेल्या बिटस्कोअरच्या (जुळणीच्या गुणांच्या) वर असेल तर ‘स्ट्रिक्ट’, खाली असेल तर ‘लूज’. प्रत्येक जनुकाचा कटऑफ, म्हणजे ही किमान मर्यादा, वेगळा, ही याची सर्वांत मोठी जमेची बाजू. सगळ्यांना सरसकट ९० टक्के साधर्म्याची अट लावली तर एका जनुक-कुटुंबात काम भागतं आणि दुसऱ्यात भलतंच जनुक आत शिरतं. ‘लूज’ मात्र रोजच्या कामात बंद ठेवा. नवं जनुक हुडकायचं असेल तेव्हाच उघडा, नाहीतर निरुपयोगी ओळींचा ढीग होतो.

खरी गफलत होते ती निकाल वाचताना. साध्या, सगळ्या औषधांना दाद देणाऱ्या ई. कोलायचा जीनोम घातला तरी जनुकांची लांबलचक यादी येते. त्यात एक्र-बी वगैरे एफ्लक्स पंप (औषध पेशीबाहेर फेकणारे पंप) असतात आणि गुणसूत्रावरचं, औषध मोडणारं प्रथिन बनवणारं अँप-सीही असतं. ही जनुकं या जिवाणूत मुळातच असतात. अँप-सीचं प्रथिन एरवी अगदी थोडं बनतं. प्रमोटरमध्ये, म्हणजे जनुक किती चालायचं हे ठरवणाऱ्या त्याच्या आधीच्या भागात, बदल झाला की ते भरमसाट बनू लागतं आणि मग सेफॅलोस्पोरिन गटातली अँटिबायोटिकं चालेनाशी होतात. आरजीआय प्रथिन जुळवतं, प्रमोटर बघत नाही, त्यामुळे बदल झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही जिवाणूंची ओळ सारखीच दिसते. म्हणून ‘ड्रग क्लास’ या रकान्यातली नावं उचलून कुणी पेशंटचा रिपोर्ट लिहू नये.

जायर-ए या जनुकाचं गणित वेगळं, त्यात ठरावीक बदल झाला तरच प्रतिरोध येतो. ते तर प्रत्येक ई. कोलायमध्ये असतंच, म्हणून इथे नुसतं साधर्म्य मोजत नाहीत. प्रथिनात ८३व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ल्युसीन आलंय का, असे नेमके बदल तपासले जातात. ‘मॉडेल टाइप’मध्ये ‘व्हेरियंट’ दिसलं की एसएनपीचा, म्हणजे अशा एकेका बदलाचा, रकाना वाचायचाच.

संदर्भाच्या किती टक्के लांबी जुळली, तो रकाना बहुतेक जण सोडून देतात. छोट्या रीड्सच्या (यंत्रानं वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांच्या) असेंब्लीत, म्हणजे ते जोडून बनवलेल्या जीनोममध्ये, प्रतिरोधी जनुकं हमखास तुटतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना आयएस-२६सारखे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे असतात आणि तिथेच कॉन्टिग संपतो. जनुकाचा अर्धा भाग कटऑफखाली जातो आणि यादीतून गायब होतो. अशा वेळी कमी दर्जाच्या क्रमांसाठीचा पर्याय लावा, किंवा सरळ रीड्सवरच आरजीआयची ‘बीडब्ल्यूटी’ ही आज्ञा चालवा. लाँग-रीड असेंब्ली मिळाली तर उत्तमच. क्लेब्सिएला या जिवाणूत पोरिन (औषध आत येण्याची प्रथिनाची वाट) बंद पडल्यानं कार्बापेनेम या अँटिबायोटिक गटाला आलेला प्रतिरोध मात्र यात सापडत नाही. जनुक मोडलंय, हे ओळखणारं मॉडेल आरजीआय चालवत नाही.

इन्स्टॉल करताना ‘कोंडा’ (Conda) या पॅकेज सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं स्वतंत्र एन्व्हायर्न्मेंट करा, जुन्या पॅकेजेसमध्ये मिसळलंत की भांडणं लागतात. डेटा वेगळा लोड करावा लागतो. सॉफ्टवेअर आणि डेटा, दोन्हींच्या आवृत्त्या वहीत लिहा. डेटा बदलला की तोच जीनोम वेगळी यादी देतो आणि मग सहा महिन्यांपूर्वीच्या निकालाशी ताळा बसत नाही.

शैक्षणिक कामासाठी सगळं मोफत आहे, व्यावसायिक वापराला परवाना लागतो. बाहेरून मिळवलेली जनुकं तेवढी झटपट बघायची असतील तर डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाचं रेसफाइंडर वाचायला सोपं पडतं. प्रतिरोध नेमका कुठल्या यंत्रणेतून आला हे उलगडायचं असेल तर ‘कार्ड’च घ्या, आणि शेजारी प्रयोगशाळेतल्या डिस्क-चाचणीचा किंवा एमआयसीचा निकाल ठेवूनच वाचा.