विकायचा फ्लॅट: भाडेकरू ठेवून की रिकामा करून?

नवीन घर झालं, सामान हललं, आणि जुना फ्लॅट काही केल्या विकला जात नाहीये. पुण्यात या अवस्थेत असलेली तीन-चार कुटुंबं आत्ता माझ्याच ओळखीत आहेत. सगळ्यांचा प्रश्न एकच: गिऱ्हाईक मिळेपर्यंत भाड्याने देऊ, की कुलूप लावून ठेवू? मी एकाच फ्लॅटच्या बाबतीत, लागोपाठ, दोन्ही केलंय. म्हणून लिहितोय.

आमचा फ्लॅट सिंहगड रोडला, माणिकबागेत. टू बीएचके, तिसरा मजला, जुनी सोसायटी. मे २०२३ मध्ये बावधनच्या नव्या घराचं खरेदीखत झालं आणि जूनपासून या जुन्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आले. तरुण जोडपं, चार महिन्यांचं बाळ. माणसं फार चांगली, भाडं पाच तारखेच्या आत खात्यात. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे घडलं त्यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता.

पैशाच्या बाजूने पाहिलं तर भाड्याचं पारडं जड आहे, यात वाद नाही. आम्हाला महिन्याला २१,००० मिळत होते. त्यातून थोडं जातं: मालक स्वतः राहत नसला की सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते (सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, तेवढं तपासून घ्या), आणि स्वतः राहत्या घराला महापालिका मिळकतकरात जी ४० टक्के सवलत देते ती भाडेकरू आला की जाते. तरी नव्या हप्त्याला चांगला हातभार लागतो. घर नांदतं राहतं, कुठे ओल आली तर लगेच कळतं. रिकामं घर मात्र मेंटेनन्स खात बसतं. कागदावर हिशोब मांडला की कुणीही भाड्याकडेच झुकेल. आम्हीही झुकलो.

अडलं ते घर दाखवण्यापाशी.

शनिवारी दुपारी साडेचारला एजंटचा फोन. "सर, पार्टी राजाराम पुलापाशीच आहे, दहा मिनिटांत घर बघता येईल का?" मी ताईंना फोन लावायचो. पहिला उचलला जायचा नाही. दुसऱ्यांदा दबक्या आवाजात, "दादा, बाळ आत्ताच झोपलंय, उद्या चालेल का?" त्यावर नाही कसं म्हणणार? भाडं देऊन राहतात, घर त्यांचं आहे. मी एजंटला उद्याचं सांगायचो, आणि तोवर पार्टी धायरीत दुसरं घर बघायला गेलेली असायची. घर शोधत निघालेली माणसं एका फेरीत चार-पाच फ्लॅट उरकतात. राहून गेलेल्या फ्लॅटसाठी मुद्दाम परत येणारं कुणी मला तरी भेटलं नाही.

जे आले त्यांनाही घर दिसलं का, हा वेगळा प्रश्न. सप्टेंबरमधला एक रविवार अजून डोळ्यांसमोर आहे. नवरा-बायको आणि त्यांची आई, धनकवडीहून आलेले. खरंच घ्यायचंय असं वाटावं असे प्रश्न विचारत होते. बेडरूमचं दार अर्धं लोटलेलं, आत छताच्या हुकाला साडीची झोळी, झोळीत बाळ. तिघंही उंबऱ्यातूनच डोकावले आणि मागे फिरले. आमच्या घरातली सगळ्यात चांगली जागा म्हणजे स्वयंपाकघरामागची बाल्कनी, समोर बकुळीचं झाड आहे. तिच्या दारात कपड्यांचा स्टँड, त्यावर ओली दुपटी. पावसाळ्यात दुसरीकडे कुठे वाळत घालणार? आजी तिथपर्यंत पोचल्याच नाहीत. चार-पाच मिनिटांत सगळे खाली. जिन्यात त्या गृहस्थांनी विचारलं, "हे लोक कधी निघणार?" करार अकरा महिन्यांचा, एप्रिलअखेरपर्यंतचा. मी म्हटलं, तुमचं ठरलं तर त्यांना आधी निघायला सांगून बघतो. "बरं, घरी बोलून कळवतो," म्हणाले. कळवलं नाही.

हे "घरी बोलून कळवतो" ऐकून ऐकून माणूस खचतो. दर सोमवारी फोनकडे बघायचं, गुरुवारपर्यंत आशा सोडायची, शनिवारी पुन्हा नवी पार्टी. बायको म्हणायची, किंमत कमी करूया. मला वाटत होतं की किमतीपर्यंत गोष्ट पोचतच नाहीये, घर कुणी पुरतं पाहिलेलंच नाही.

त्यात दुसरं घड्याळ चालू होतं. आधी नवीन घर घेऊन मग जुनं विकणाऱ्याला भांडवली नफ्यावरची करसवलत हवी असेल, तर नव्या घराच्या खरेदीपासून एका वर्षाच्या आत जुन्याची विक्री व्हावी लागते. आमची मुदत मे २०२४ ची. बारा महिन्यांच्या मुदतीतले अकरा महिने मी करारात बांधून टाकले होते, हे करार करताना लक्षातच आलं नव्हतं. (आधी विकून मग घेणाऱ्याला तयार घरासाठी पुढची दोन वर्षं मिळतात, त्यांना एवढी घाई नाही.) मुदत संपूनही न निघणाऱ्या भाडेकरूकडून दुप्पट भाडं मागायची सोय कायद्यात आहे, पण ते हातात पडेपर्यंत वर्ष कुठल्या कुठे जाईल.

ऑक्टोबरमध्ये त्या दोघांशी स्पष्ट बोललो. त्यांच्या नव्या घराची दलाली मी दिली आणि डिपॉझिट सामान हलायच्या आधी परत केलं. दिवाळी याच घरात करून नोव्हेंबरअखेर ते गेले.

रिकाम्या घराचेही त्रास आहेत, ते लपवणार नाही. बरेच दिवस बंद राहिलं की बाथरूमच्या जाळीखालचं पाणी सुकतं आणि ड्रेनेजचा वास घरभर पसरतो. दर बुधवारी जाऊन प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतायचं, खिडक्या उघडायच्या, बाल्कनीतली कबुतरांची घाण धुवायची. सामान निघालं की भिंतीवरचे खिळे, कॅलेंडरमागचा चौकोन, कपाटामागची ओल, सगळं उघडं पडतं. रंगाला ३८,००० लागले. आणि घर रिकामं दिसलं की समोरचा ओळखतो, यांना घाई आहे. घासाघीस जास्त होते.

पण दार उघडायला कुणाची परवानगी लागत नाही. एक चावी समोरच्या काकूंकडे ठेवली होती. जानेवारीत एका रात्री साडेनऊला एजंटचा फोन आला. मुलगा ऑफिसातून परस्पर आलाय, वडील गावाहून आलेत, सकाळच्या गाडीने परत जाणार. मी बावधनहून निघेपर्यंत काकूंनी दार उघडून दिवे लावले होते. पोचलो तेव्हा वडील हॉलमध्ये फरशीवर मांडी घालून बसले होते आणि मुलगा टेपने बेडरूमची भिंत मोजत होता, पलंग बसतो का ते. पाऊण तास थांबले. आठवड्यात इसार झाला, बँकेचं कर्ज मंजूर होऊन मार्चमध्ये खरेदीखत. सांगितलेल्या किमतीपेक्षा दोन लाख कमी घेतले, हे खरं. भाडेकरू असताना मात्र कमी किमतीचीसुद्धा ऑफर आली नव्हती.

हा एका घराचा अनुभव, सगळीकडे लागू पडेल असं म्हणणार नाही. हिंजवडी किंवा खराडीत वन बीएचके असेल तर घेणारा बऱ्याचदा गुंतवणूक म्हणूनच घेतो, त्याला चालू भाडं दिसलं तर बरंच वाटतं. तिथे भाडेकरू राहू द्या. तुमचा हप्ता भाड्याशिवाय निघतच नसेल, तर प्रश्न मिटलाच. मग करारातच दोन गोष्टी लिहून घ्या: घर दाखवायला आठवड्यातले दोन ठरलेले वेळ, आणि गिऱ्हाईक ठरल्यास एका महिन्याच्या नोटिशीवर घर सोडणं. त्या बदल्यात भाडं हजार-दोन हजारांनी कमी करा, मोकळेपणाने सांगून. कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रोड अशा भागातला टू बीएचके असेल, घेणारा स्वतः राहायला येणारा असेल आणि पाच-सहा महिने कळ काढता येत असेल, तर मी म्हणेन रिकामा करा.

रिकामा करायचाच असेल तर शक्यतो पितृपक्षाच्या आधी करा. त्या पंधरवड्यात घर बघायला फारसं कुणी फिरकत नाही, तेवढ्यात रंगकाम उरकतं. घटस्थापनेपासून फोन सुरू होतात.