आयजीव्ही : जिवाणू आणि यीस्ट एकाच पट्टीवर

जिवाणू आणि दृश्यकेंद्रकी (पेशीत केंद्रक असलेल्या) सजीवांच्या जीनोमची मांडणी कशी वेगळी असते, हे डोळ्यांनी दाखवायचं तर ब्रॉड इन्स्टिट्यूटचं मोफत आयजीव्ही, म्हणजे जीनोम आडव्या पट्टीवर दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरावं. वर्गात शिकवणाऱ्यांनी तर नक्कीच.

ई. कोलाय या जिवाणूच्या के-१२ एमजी१६५५ या वाणाची फास्टा (डीएनएची अक्षरं असलेली फाइल) आणि जीएफएफ३ (जनुकांच्या जागा सांगणारी फाइल) एनसीबीआय या जनुकीय माहितीच्या संकेतस्थळावरून उतरवा. डेस्कटॉप आवृत्तीत फास्टा उघडली की इंडेक्स (तिची सूची) आपोआप बनतो. मग ३,६१,००० ते ३,६८,००० या अक्षरांची खिडकी उघडा. लॅक्टोज पचवण्याशी संबंधित लॅकए, लॅकवाय, लॅकझेड ही जनुकं एकाला एक खेटून दिसतात. वाय आणि झेडमध्ये जेमतेम ५१ अक्षरं, आणि तिघांचा मिळून एकच आरएनए. आता यीस्टचा सॅकसेर३ हा जीनोम निवडा, दुसरं गुणसूत्र, २,७४,००० ते २,८१,०००. खिडकी तेवढीच, ७,००० अक्षरांची. गॅल७, गॅल१०, गॅल१ ही गॅलॅक्टोज पचवणारी जनुकं इथेही शेजारी आहेत, पण प्रत्येकाचा आरएनए स्वतंत्र. गॅल१० आणि गॅल१ तर मधल्या ६६८ अक्षरांपासून उलट दिशांना धावतात. ओपेरॉन म्हणजे काय (एकाच आरएनएत मिळून उतरणारी शेजारची जनुकं), हे या दोन खिडक्या पाहिल्यावर वेगळं समजवावं लागत नाही.

माणसाचं डीएमडी जनुक बघायला मात्र खिडकी २२ लाखांवर न्यावी लागते. ७९ एक्झॉन (अंतिम आरएनएत राहणारे तुकडे) केसासारख्या रेघा होतात, बाकी सगळा इंट्रॉन (कापून टाकला जाणारा भाग). ई. कोलायचा अख्खा जीनोम ४६,४१,६५२ अक्षरांचा आहे, म्हणजे हे एकच जनुक त्याच्या जवळपास निम्म्याएवढं, हे इथे आवर्जून सांगावं.

अडचणी बहुतेक फायलींच्या असतात. एनसीबीआयच्या फास्टात गुणसूत्राचं नाव एनसी_०००९१३.३, एन्सेम्बल या दुसऱ्या संग्रहाच्या जीएफएफमध्ये नुसतं ‘क्रोमोझोम’. नावं जुळली नाहीत की जनुकांचा ट्रॅक (पट्टा) रिकामा राहतो. नाव बदलून जीनोमच्या जुन्या .२ आवृत्तीचा जीएफएफ .३वर चढवणं त्याहून वाईट. लॅकचा भाग ७७६ अक्षरांनी सरकतो आणि काहीतरी चुकलंय असं वाटतही नाही. पडताळा सोपा आहे : सिक्वेन्स ट्रॅकच्या डावीकडचा बाण दाबून डीएनएचा उलटा धागा घ्या, सिक्वेन्सवर क्लिक करून प्रथिनातलं भाषांतर उघडा. लॅकझेडच्या उजव्या टोकाला हिरवा मेथिओनिन, म्हणजे प्रथिनाची सुरुवात, हवा.

जिवाणूचं आरएनए-सेक (आरएनएच्या वाचनाची माहिती) स्टार या प्रोग्रामने जीनोमशी जुळवत असाल तर त्यातली अलाइनइंट्रॉनमॅक्स ही सेटिंग १ ठेवा, नाहीतर नसलेले इंट्रॉन दिसू लागतात.

खरी उणीव एकच : जिवाणूच्या जीनोमचं वर्तुळ आयजीव्ही सरळ करून टाकतं. वर्तुळाच्या जोडावरचे रीड (वाचलेले छोटे तुकडे) पट्टीच्या दोन्ही टोकांना कापलेले दिसतात. ते तपासायला प्रेफरन्समधून सॉफ्ट-क्लिप (रीडचा न जुळलेला भाग) दाखवणं चालू करा. गोल नकाशाच हवा असेल तर प्रोक्सी (Proksee) हे संकेतस्थळ वापरा.