उताराच्या प्लॉटवरची रिटेनिंग वॉल: 14 महिने आणि एक अख्खा पावसाळा काढल्यावर

उतारावरची माती अडवून धरणाऱ्या आमच्या भिंती, म्हणजे रिटेनिंग वॉल, बांधून 14 महिने झाले, मधे एक पूर्ण पावसाळा गेला, म्हणून आता लिहायला बसलोय. काम संपल्या संपल्या लिहिणार होतो पण बरं झालं थांबलो, कारण कोरड्या दिवसांत कुठलीही भिंत उभी राहते, ती कशी बांधलीय ते पहिल्या मोठ्या पावसातच कळतं.

आमचा प्लॉट असा, घर वरच्या टोकाला, रस्ता खाली आणि मधे 4 मीटर उंचीचा उतार, इतका उभा की आईला खाली गेटपर्यंत जायचं तर दोघांनी धरायला लागायचं. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने सांगितलं की खाली एकच 4 मीटरची भिंत घेऊ, मागे भराव टाकू, वर सगळं सपाट अंगण मिळेल. मला ते फार आवडलं होतं. मग इंजिनिअर मॅडमना दाखवलं तर त्यांनी कागदावर एक त्रिकोण काढला. म्हणाल्या, मातीचा दाब वरून खाली वाढत जातो म्हणून त्याचा आकार असा, आता उंची दुप्पट केलीत की त्रिकोणाचं क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणजे भिंतीला ढकलणारं बळ चौपट, आणि तिला उलथवायला बघणारा जोर आठपट. मी समजत होतो 2 ची 4 मीटर केली की सिमेंट आणि लोखंड दुप्पट लागेल, एवढंच.

(हा हिशोब नवीन नाहीये. विजेच्या नियमातला जो कूलॉम तोच हा, फ्रेंच लष्करी इंजिनिअर होता, मार्टिनिक बेटावर किल्ला बांधायच्या कामावर बरीच वर्षं होता, आणि 1776 साली छापलेल्या निबंधात त्याने मातीची पाचर भिंतीला कशी रेटते ते मांडलं. इतकी वर्षं झाली तरी लोक अजून अंदाजाने भिंती उभ्या करतात आणि त्याखाली घरं असतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.)

तर आम्ही 2-2 मीटरच्या दोन भिंती घेतल्या, वरची आरसीसी कारण तिच्या मागे अंगण आणि गाडी, खालची गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड रचून. दोन्हींच्या मधे सव्वाचार मीटर. साधारण नियम असा की वरची भिंत खालचीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर मागे हवी, नाहीतर वरच्या भिंतीचं सगळं ओझं खालचीच्या पाठीवर येतं आणि मग कागदावर दोन असल्या तरी त्या एकच उंच भिंत असल्यासारख्या वागतात. शिवाय मॅडमनी दोन ठिकाणी खड्डे घेऊन माती बघितली, कारण दोन्ही भिंती शाबूत राहून खालचा अख्खा उतारच गोलाकार सरकू शकतो, आणि हे भिंत कितीही जाड केली तरी थांबत नाही.

आता वरच्या भिंतीबद्दल. दिसायला ती 20 सेंटीमीटर जाड, पण जमिनीखाली तिचा पाया दीड मीटरच्या वर रुंद आहे आणि त्यातला बराचसा भाग मागे, मातीच्या खाली जातो. त्याला हील म्हणतात, त्या टाचेवर बसलेल्या मातीचं वजनच भिंतीला उलटू देत नाही, म्हणजे जी माती ढकलते तिचंच वजन भिंत धरून ठेवतं, हे मला आजही फार सुंदर वाटतं. पण त्याचा अर्थ हद्दीला लागून भिंत हवी असेल तर पायाची आणि खोदाईची जागा आधी मोजा, आमच्या एका कोपऱ्यात शेजाऱ्यांच्या हद्दीमुळे आखणीच बदलावी लागली. आणि मुख्य सळ्या मातीच्या बाजूला येतात, समोरच्या नाही. भिंत पुढे वाकायला बघते तेव्हा ताण मागच्या अंगाला येतो. आमच्याकडे सळ्या बांधणाऱ्या मुलांनी सवयीने समोर जाळी बांधायला घेतली होती, मी नकाशा हातात धरून उभा होतो म्हणून दिसलं, काँक्रीट पडल्यावर ते कुणाच्या बापाला दिसलं नसतं. ओतायच्या दिवशी साइटवर थांबा, सुट्टी घ्या पण थांबा.

खोदाई सगळी एकदम उघडायची नाही, तुकड्या-तुकड्याने करायची, एक तुकडा खोदला, भिंत आली, भराव झाला की पुढचा. याने वेळ जातो, मिस्त्री कुरकुरतात, तरी ऐकू नका. एक घनमीटर माती म्हणजे दीड-पावणेदोन टन, उभ्या कापाखाली वाकून काम करणाऱ्या माणसावर ती आली तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते पाण्याबद्दल. मॅडमनी हिशोब करून दाखवला होता, 2 मीटर उंच भिंतीमागे कोरडा, नीट निचरा होणारा भराव असेल तर दर मीटर लांबीला साधारण सव्वा टन जोर येतो, आणि तोच भराव वरपर्यंत पाण्याने भरला तर अडीच टनांच्या वर. माती तीच, भिंत तीच, फक्त पाणी साचलं. त्यामुळे आमच्या भिंतीचं अर्धं काम कुणाला दिसतच नाही, मागे 30 सेंटीमीटर रुंदीचा खडीचा पट्टा, खडी आणि मातीच्या मधे जिओटेक्स्टाइलचं कापड म्हणजे गाळ खडीत शिरून ती चोंदत नाही, तळाशी 100 मिलिमीटरचा भोकांचा पाइप बाहेरच्या दिशेला उतार देऊन, आणि भिंतीत ओळीने वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर पडायची आरपार भोकं. पाइपाच्या दोन्ही टोकांना वर तोंड काढून झाकणं बसवलीत, पाणी सोडून साफ करता येतं. पैसे वाचवायला लोक नेमकं हेच गाळतात कारण फोटोत येत नाही. भरावाला खोदलेली चिकण माती परत टाकू नका, ती पाणी धरते, फुगते, आम्ही मुरूम आणला.

एवढं करूनही पहिल्या पावसाळ्यात दोन गोष्टी चुकलेल्या निघाल्या. पहिल्या जोरदार पावसात वरच्या भिंतीच्या वीप होलमधून पाणी छान धो धो येत होतं, मी छत्री घेऊन खुशीत बघत उभा, आणि मग लक्षात आलं की हे सगळं पाणी दोन भिंतींच्या मधल्या टप्प्यावर पडून तिथेच मुरतंय, म्हणजे सरळ गॅबियनच्या मागे. एका भिंतीची सुटका करून दुसरीच्या डोक्यावर नेऊन घातलं! गॅबियन दगडांची असल्याने तिच्यातून पाणी निघून जातं म्हणून निभावलं, ती आरसीसी असती तर मला त्या रात्री झोप लागली नसती. पाऊस उघडल्या उघडल्या वरच्या भिंतीच्या पायाशी काँक्रीटचं उघडं गटार केलं आणि ते कडेने बंद पाइपातून थेट खाली रस्त्याकडच्या नाल्यात नेलं. छपराचं पाणीही त्याला जोडलं, ते आधी अंगणात सुटत होतं, 100 चौरस मीटर छपरावर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 5000 लिटर पाणी होतं, ते भिंतीमागे सोडायचं म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

दुसरी चूक अशी की डावीकडून तिसऱ्या वीप होलमधून गढूळ पाणी यायला लागलं. स्वच्छ पाणी आलं तर भिंत तिचं काम करतेय, गढूळ आलं तर मागची माती वाहून चाललीय, हे डोक्यात पक्कं ठेवा. तीन-चार दिवसांत वर अंगणात बरोब्बर त्याच जागी परातीएवढा खळगा पडला. उकरून बघितलं तर दोन कापडांचा जोड नुसता टेकवलेला, एकावर एक चढवलेलाच नाही. पुन्हा 40-45 सेंटीमीटर चढवून घातलं, खडी धुवून भरली, त्यानंतर गढूळ पाणी आलं नाही. उजवीकडचं एक होल भर पावसात पूर्ण कोरडं होतं त्याचीही मला काळजी वाटली, तिथे सळई घालून बघितलं तर आत सिमेंटचं पाणी जाऊन गच्च झालेलं.

भिंत झुकते का? हो, झुकते. मी भराव टाकायच्या आधी चार ठिकाणी खुणा करून ओळंब्याने मोजायला सुरुवात केली, दर पंधरा दिवसांनी, वहीत तारखेसकट. भराव पूर्ण झाल्यावर माथा 4 मिलिमीटर पुढे आला आणि मी घाबरून मॅडमना फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं की थोडं हललं तरच माती स्वतःचा भार स्वतः घेते आणि दाब कमी होतो, हिशोबात ते धरलेलंच असतं, म्हणून भिंत सुरुवातीलाच किंचित मागे कललेली बांधतात. बघायचं ते थांबतं का. आमचं पावसाळ्यात अजून एक मिलिमीटर गेलं आणि मग गेले सात महिने आकडा तोच आहे. दर पावसात वाढतच राहिला असता तर गोष्ट वेगळी होती.

भराव मात्र बसला. भिंतीलगतच्या पट्ट्यात फरशी जवळपास अडीच सेंटीमीटर खाली गेली. भिंतीपासून मीटरभर जड रोलर आणायचा नसतो, नाहीतर तोच भिंतीला ढकलतो, तिथे छोटं प्लेट मशीन घेऊन 15 सेंटीमीटरचे थर कुटायचे असतात. शेवटच्या दोन दिवसांत घाईघाईत जाड थर टाकले गेले आणि मी तेव्हा नव्हतो. फरशी एक वर्षाने टाकली असती तर बरं झालं असतं, आता तो पट्टा उचलून पुन्हा करायचाय.

गॅबियनवर मी बेहद्द खूश आहे. दगड हाताने रचून घेतले, विशेषतः समोरच्या बाजूचे, पेटी निम्मी भरली की आतून आडव्या तारा ओढून बांधल्या त्यामुळे पोट सुटलेलं नाही. एका पेटीत कामगारांनी टोपल्या ओतून दगड भरले ती एकच पेटी पुढे फुगलीय, रोज जाता-येता दिसते. जमीन थोडी बसली तरी ही भिंत तडकत नाही, तिच्याबरोबर हलते.

मधल्या टप्प्यावर मोठी झाडं लावली नाहीत, कडेने वाळा लावलाय, त्याची मुळं सरळ खोल जातात, आताच चांगला धरलाय. आणि टप्प्यावरून पायऱ्या काढल्यात, कठडा लावलाय. आई आता संध्याकाळी एकटी खाली गेटपर्यंत जाऊन येते.

ज्यांचं काम चालू होणार आहे त्यांनी भिंतीमागे काय उभं राहणार ते डिझाइनच्या आधी सांगा, गाडी, पाण्याची टाकी, पुढे खोली वाढवायची असेल तर तीही. आम्ही गाडी सांगितली होती, टाकी नाही, आता ती घराच्या पलीकडच्या बाजूला ठेवावी लागलीय. पुढच्या पावसाआधी या आठवड्यात पाइपाची झाकणं उघडून पाणी सोडून बघणार आहे, किती गाळ निघतो ते इथेच लिहीन.