पिनियल जागृती शिबिर: पाचपैकी दोन तारे

मी सीटी स्कॅन टेक्निशियन. चौदा वर्षं रोज लोकांच्या डोक्याच्या आतलं बघतेय. त्यामुळे ‘पिनियल ग्रंथी जागृत करा, तिसरा डोळा उघडा’ असल्या शिबिराला मी आपणहून गेले नसते. पण जाऊबाईंनी दोघींचे मिळून नऊ हजार भरून टाकले होते.

जागा मुळशीकडची, झकास. पहिल्याच सत्रात गुरुजींनी पडद्यावर मेंदू दाखवला आणि लेझरचा लाल ठिपका नेमका पीयूषिकेवर, म्हणजे भलत्याच, पिट्युटरी ग्रंथीवर टेकवून म्हणाले, ‘‘हीच पिनियल.’’ मी जाऊबाईंना कोपरानं ढोसलं. अहो, पिनियल मागे असते, खोल मधोमध, तुरीच्या दाण्याएवढी!

मग ‘तुमच्या ग्रंथीवर चुना साचलाय’ अशी भीती घातली आणि तो विरघळवणारे थेंब काढले. बाराशेला बाटली. कॅल्शियम साचतं हे खरंच. मोठ्या माणसांत सर्रास दिसतं, स्क्रीनवर पांढऱ्या खड्यासारखं. आम्हाला तर त्याचा उपयोगच होतो. तो खडा मधल्या रेषेवरून बाजूला सरकलेला दिसला, की आधी डॉक्टरांना फोन. आत रक्तस्राव किंवा गाठ ढकलत असू शकते. नुसता खडा दिसला म्हणून कुणाला औषध लिहून दिलेलं मी आजवर पाहिलं नाही. थोडक्यात, चुना आम्हालाच लागला.

दुपारी डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखायचे होते. पट्टी नाकापाशी ढिली. जाऊबाईंना चारही रंग ‘दिसले’.

दोन तारे देतेय ते रात्रीसाठी. सातला मोबाइल जमा, ट्यूबलाइट बंद, फक्त समया. एरवी एक-दीडपर्यंत टक्क जागी असणारी मी साडेनऊला जांभया देत होते. गुरुजींनी श्रेय मंत्राला दिलं. खरं तर रात्री डोळ्यांत उजेड जात राहिला, त्यातून मोबाइलचा निळसर, की मेंदूतलं घड्याळ पिनियलला मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली असं शरीराला सांगणारं संप्रेरक, सोडू देत नाही. हे मेलाटोनिन १९५८ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ॲरन लर्नर यांनी गाईबैलांच्या पिनियलमधून वेगळं काढलं. गुरुजी गोमातेवर अर्धा तास बोलले, पण हे काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

पिठलं-भाकरी उत्तम, ठेचा त्याहून. आंघोळीला गरम पाणी नाही.

जाऊबाईंनी दोन बाटल्या घेतल्याच. एक आमच्या फ्रिजच्या दारात आहे, आलं-लसूण पेस्टशेजारी. मी चाखून पाहिली. ओव्याच्या पाण्यासारखी लागते.