स्वयम्-एनपीटीईएलवरची ऑरगॅनिक केमिस्ट्री: गुणांचं गणित आणि वहीतलं काम

स्वयम् या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर एनपीटीईएलतर्फे (आयआयटींचा ऑनलाइन शिक्षणाचा प्रकल्प) वर्षाला दोन सत्रं होतात, जानेवारी ते एप्रिल आणि जुलै ते ऑक्टोबर. दोन्हींत ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे कोर्स असतात. काही आयआयटींचे, काही आयसर या विज्ञान संस्थांचे. आयसर पुण्याचा ‘इंट्रोडक्टरी ऑरगॅनिक केमिस्ट्री’ त्यांतलाच. बीएस्सीचे बरेच विद्यार्थी क्रेडिटसाठी किंवा जॅमच्या (एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेच्या) तयारीसाठी हे कोर्स घेतात, आणि सत्र अर्ध्यावर आल्यावर नियम वाचतात. म्हणून हे परीक्षण नियमांपासून सुरू करतो.

निकाल आधीच सांगतो: पाचपैकी चार. शिकवणं दर्जेदार आहे, नियम स्पष्ट आहेत, खर्च परवडण्यासारखा आहे. एक तारा कापला तो एवढ्यासाठी, की विद्यार्थ्यानं मेकॅनिझम (इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते बाणांनी दाखवणाऱ्या पायऱ्या) कागदावर काढली का, हे या व्यवस्थेत कुठेच तपासलं जात नाही. ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं तर कॉलेजच्या वर्गाइतकाच, कधी त्याहून जास्त फायदा होतो. नाही घेतलं तर सर्टिफिकेट मिळतं, पण विद्यापीठाच्या पेपरात ‘मेकॅनिझम लिहा’ आलं की पेन थांबतं.

आता गुण. असाइनमेंटचे २५, परीक्षेचे ७५. बारा आठवड्यांच्या कोर्सला बारा असाइनमेंट असतात आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या आठांची सरासरी धरतात. आठ आठवड्यांच्या कोर्सला आठांपैकी सहा. सुरुवातीची ‘असाइनमेंट शून्य’ फक्त सरावाची, तिचे गुण धरत नाहीत. पास होण्यासाठी दोन अटी स्वतंत्रपणे पुऱ्या व्हाव्या लागतात: असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३०. नुसती बेरीज ४० झाली म्हणून भागत नाही. असाइनमेंटचे पैकीच्या पैकी २५ मिळाले आणि परीक्षेत २९ पडले, तर एकूण ५४ होऊनही सर्टिफिकेट नाही. परीक्षेत ६० आणि असाइनमेंटमध्ये ९, तरीही नाही. ज्यांच्या विद्यापीठात इंटर्नल आणि थिअरीचं पासिंग वेगवेगळं असतं, त्यांना हे नवं नाही. बाकीचे इथेच फसतात.

असाइनमेंटची अट मात्र बरीच सैल आहे. आठांच्या सरासरीत ४०% लागतात, म्हणजे चार असाइनमेंटमध्ये ८०% मिळाले तरी २५ पैकी १० भरतात. हे गुण पहिल्या चार-पाच आठवड्यांतच गोळा करावेत. तेव्हा हायब्रिडायझेशन, रेझोनन्स, आम्ल-आम्लारी असे ओळखीचे विषय असतात. कार्बोनिलचे (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या संयुगांचे) आठवडे आणि कॉलेजच्या परीक्षा एकाच वेळी येतात, तेव्हा गाडी घसरते. एकूण ४० ते ५९ ला साधं सर्टिफिकेट, ६० पासून एलिट, ७५ पासून एलिट आणि रौप्य, ९० पासून एलिट आणि सुवर्ण. पण आधी वरच्या दोन्ही अटी पुऱ्या हव्यात.

असाइनमेंटची मुदत बहुधा बुधवारी रात्री ११:५९ ला संपते. मुदतीपर्यंत कितीही वेळा उत्तरं बदलून पाठवता येतात, शेवटचं सबमिशन धरलं जातं. त्यामुळे रविवारी एकदा पाठवून ठेवावं आणि शंका असलेले प्रश्न बुधवारपर्यंत पुन्हा सोडवावेत. बुधवारी रात्री नेट गेलं म्हणून आठवडा वाया जाण्याचा धोका त्यानं टळतो. मुदत संपल्यावर उत्तरं जाहीर होतात. चुकलेला प्रश्न त्याच दिवशी वहीत पूर्ण सोडवावा, कारण परीक्षेत त्याच घाटाचे प्रश्न येण्याची शक्यता मोठी असते.

माझी मुख्य तक्रार प्रश्नांच्या स्वरूपाबद्दल आहे. चार पर्याय देऊन ऑरगॅनिक तपासता येतं, पण अर्धंच. मेन्थिल क्लोराइड आणि निओमेन्थिल क्लोराइड ही प्रसिद्ध जोडी घ्या. दोन्हींत सहा कार्बनचं तेच कडं आणि त्यावर मिथिल, आयसोप्रोपिल, क्लोरीन. फरक एकच, क्लोरीनची दिशा उलटी. सोडियम इथॉक्साइड वापरून ई२ एलिमिनेशन (हायड्रोजन आणि क्लोरीन एकाच वेळी निघून दुहेरी बंध होणारी रिअ‍ॅक्शन) केलं तर काय मिळेल? सेट्झेफचा नियम पाठ असलेला विद्यार्थी दोन्हींसाठी ३-मेन्थीनवर टिक करतो, कारण त्यात दुहेरी बंधावर जास्त गट आहेत. निओमेन्थिलला ते उत्तर चालतं: ३-मेन्थीन साधारण ७८% आणि २-मेन्थीन २२% मिळतं. मेन्थिल क्लोराइड मात्र निव्वळ २-मेन्थीन देतं, आणि रिअ‍ॅक्शन सुमारे २०० पट हळू होते.

कारण चेअर, म्हणजे सहा कार्बनच्या कड्याचा खुर्चीसारखा आकार, काढल्यावरच दिसतं. त्यात प्रत्येक कार्बनवर एक बंध अ‍ॅक्सिअल (उभा) आणि एक इक्वेटोरिअल (साधारण आडवा) असतो. ई२ साठी निघून जाणारा हायड्रोजन आणि क्लोरीन अँटी-पेरिप्लॅनर (एकाच प्रतलात, विरुद्ध दिशांना) हवेत, म्हणजे कड्यावर दोघेही अ‍ॅक्सिअल, एक वर आणि एक खाली. निओमेन्थिलच्या स्थिर चेअरमध्ये मिथिल आणि आयसोप्रोपिल इक्वेटोरिअल असतात आणि क्लोरीन आधीच अ‍ॅक्सिअल. शेजारच्या दोन्ही कार्बनवर योग्य दिशेचा अ‍ॅक्सिअल हायड्रोजन हजर असतो, म्हणून दोन्ही अल्कीन मिळतात आणि सेट्झेफचं पारडं जड राहतं. मेन्थिलच्या स्थिर चेअरमध्ये तिन्ही गट इक्वेटोरिअल. क्लोरीन अ‍ॅक्सिअल व्हायचा तर कडं उलटावं लागतं आणि मग तिन्ही गट अ‍ॅक्सिअल होतात. अशा महागड्या चेअरमध्ये रेणू क्वचितच असतो, म्हणून वेग कमी. त्या चेअरमध्ये आयसोप्रोपिलवाल्या कार्बनचा हायड्रोजन इक्वेटोरिअल झालेला असतो, तो बाहेर पडू शकत नाही. उरतो दुसऱ्या बाजूच्या सीएच२ वरचा अ‍ॅक्सिअल हायड्रोजन, म्हणून फक्त २-मेन्थीन. दोन चेअर काढायला चार मिनिटं लागतात. स्क्रीनवर टिक करायला चार सेकंद पुरतात, आणि टिक बरोबर आली तरी यातलं काहीच समजलेलं नसण्याची शक्यता राहते.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक असाइनमेंटसाठी वहीचं वेगळं पान ठेवा. पर्याय हातानं झाका, उत्तर आधी काढा, मग पर्यायांत शोधा. व्याख्यान ऐकतानाही हेच करा: प्राध्यापकांनी अभिकारक लिहिला की व्हिडिओ थांबवा, प्रॉडक्ट आणि बाण स्वतः काढा, मग पुढे जा. आठवड्याला साधारण अडीच तासांची व्याख्यानं असतात. थांबत थांबत ऐकायला चार तास लागतात, असाइनमेंट आणि चुका धरून सहा-सात. एवढा वेळ निघत नसेल तर बारा आठवड्यांचा कोर्स त्या सत्रात घेऊ नये. दीडपट वेगानं बघितलेलं ऑरगॅनिक दोन दिवसांत पुसलं जातं.

बाण काढताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे बाण हायड्रोजन आयनापासून सुरू करून ऑक्सिजनकडे नेणं. बाण इलेक्ट्रॉनची हालचाल दाखवतो, आणि हायड्रोजन आयनाकडे इलेक्ट्रॉनच नसतात. बाण ऑक्सिजनच्या एकाकी जोडीपासूनच निघाला पाहिजे. दुसरी चूक, कार्बनला पाच बंध. कार्बोनिलवर न्यूक्लिओफाइल (इलेक्ट्रॉनची जोडी देणारा घटक) आलं की दुहेरी बंधातल्या पाय (π) बंधाचे इलेक्ट्रॉन त्याच पायरीत ऑक्सिजनवर सरकवावे लागतात. तो दुसरा बाण विसरला की कार्बन पंचबंधी होतो. तिसरी, माध्यमाशी न जुळणारे आयन: आम्लीय माध्यमातल्या रिअ‍ॅक्शनमध्ये मोकळा हायड्रॉक्साइड दाखवणं किंवा आम्लारीत प्रोटॉनयुक्त अल्कोहोल. प्रत्येक पायरीनंतर दोन्ही बाजूंच्या विद्युतभाराची बेरीज जुळते का हे पाहिलं, तर बहुतेक चुका जागच्या जागी सापडतात.

कोर्स सुरू होण्याआधी पीकेएचे मोजके आकडे पाठ असावेत (पीकेए म्हणजे आम्लाच्या ताकदीचं माप, आकडा लहान तितकं आम्ल तीव्र). व्याख्यानांत ते ठाऊक आहेत असं धरून चालतात. अ‍ॅसेटिक आम्ल ४.७६, कार्बॉनिक आम्ल सुमारे ६.४, अमोनियम ९.२, फिनॉल १०, इथेनॉल १६, अ‍ॅसिटोन १९ ते २०, अ‍ॅसिटिलीन २५, अमोनिया ३८. पाण्यासाठी पुस्तकांत १५.७ आणि १४ असे दोन आकडे दिसतात. तुमच्या कोर्समध्ये जो आहे तोच धरा, दोन तक्त्यांची सरमिसळ करू नका. फिनॉल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळतं, कारण पाण्याचे १५.७ वजा फिनॉलचे १० म्हणजे ५.७, आणि समतोल स्थिरांक १० चा ५.७ वा घात, जवळपास पाच लाख. बायकार्बोनेटसोबत तोच हिशेब ६.४ वजा १० म्हणजे उणे ३.६ येतो, समतोल उलट बाजूला झुकतो, म्हणून फिनॉल फसफसत नाही आणि कार्बोक्सिलिक आम्ल फसफसतं. प्रॅक्टिकलला सेंद्रिय संयुग ओळखताना बायकार्बोनेटची जी चाचणी करतात, तिचं गणित एवढंच आहे.

एसएन१, एसएन२ (एका गटाच्या जागी दुसरा येणं) आणि ई१, ई२ (गट निघून दुहेरी बंध होणं) यांच्या आठवड्याला मात्र जास्तीचे दोन दिवस ठेवा. ‘ध्रुवीय द्रावक म्हणजे एसएन१’ हे अर्धवट वाक्य इथे फार नुकसान करतं. डीएमएसओ आणि डीएमएफ हे द्रावक ध्रुवीयच आहेत, पण ते हायड्रोजन बंधानं न्यूक्लिओफाइलला जखडून ठेवत नाहीत, म्हणून एसएन२ चा वेग वाढवतात. दुय्यम हॅलाइडला सोडियम इथॉक्साइड दिलं की न्यूक्लिओफाइल समजून ईथर लिहिण्याची घाई होते. २-ब्रोमोप्रोपेनपासून मुख्यतः प्रोपीन मिळतं.

स्टिरिओकेमिस्ट्रीसाठी मॉडेल किट घ्यावाच. नसेल तर चिकणमातीच्या गोळ्या आणि टूथपिक चालतात. रेणूतल्या गटांची मांडणी आर (उजवी) की एस (डावी) हे ठरवताना सर्वांत कमी प्राधान्याचा गट पाहणाऱ्याच्या दिशेला असेल तर आलेलं उत्तर उलटायचं असतं. ही चूक स्क्रीनकडे बघून सुधारत नाही, हातात रेणू फिरवल्यावर सुधारते.

भाषेचा प्रश्न खरा आहे. व्याख्यानं इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले दोन आठवडे जड जातात, पुढे शब्द ओळखीचे होतात. काही निवडक कोर्सच्या लिखित प्रती मराठीतही उपलब्ध आहेत. कोर्सच्या पानावर आधी बघून घ्या. फोरमवर प्रश्न विचारताना ‘प्रश्न ४ समजला नाही’ असं लिहून उपयोग नाही. संयुगाचं आययूपीएसी नाव, तुम्ही काढलेलं प्रॉडक्ट आणि नेमकी कुठली पायरी पटत नाही, एवढं लिहिलं तर नेमकं उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

क्रेडिटचं काम कॉलेजकडून लेखी घ्या, तेही नाव नोंदवतानाच. बारा आठवड्यांच्या कोर्सला ३ क्रेडिट आणि आठ आठवड्यांच्या कोर्सला २ धरतात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४०% पर्यंत विषय स्वयम् वरून घेता येतात, पण तुमच्या विषयाच्या जागी हाच कोर्स चालेल का, हे कॉलेज आणि विद्यापीठ ठरवतं. कोर्सच्या पानावरचा आठवडावार आराखडा छापून विभागप्रमुखांना दाखवा. निकाल परीक्षेनंतर काही आठवड्यांनी लागतो; कॉलेजची गुणपत्रिका त्याआधी निघणार असेल तर काय करायचं, हेही तेव्हाच विचारा. प्रॅक्टिकलला पर्याय इथे नाही. टीएलसी (पातळ थरावर मिश्रणाचे घटक वेगळे करणं), रीक्रिस्टलायझेशन, वितळणबिंदू हे प्रयोगशाळेतच शिकावं लागतं.

परीक्षा शनिवार-रविवारी, ठरलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यायची, तीन तासांची. सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २ ते ५ अशी सत्रं असतात आणि एका सत्रात एकच विषय देता येतो. दोन कोर्स घेणार असाल तर परीक्षेच्या तारखा आधी ताडून पाहा. हॉल तिकिटासोबत मूळ ओळखपत्र न्यावं लागतं. ज्या ईमेलनं कोर्सला नाव घातलं त्याच ईमेलनं परीक्षेची नोंदणी करा. दोन वेगळे ईमेल वापरल्यामुळे असाइनमेंटचे गुण परीक्षेशी जुळत नाहीत आणि मग पत्रव्यवहारात आठवडे जातात.

कोर्स निवडताना नावावर जाऊ नका. ‘ऑरगॅनिक’ हा शब्द असलेले काही कोर्स एमएस्सीच्या पातळीचे असतात. पहिल्या आठवड्यात बंध, रेझोनन्स, आम्लता असेल तर तो एसवायच्या विद्यार्थ्याला झेपतो. पहिल्याच आठवड्यात रेट्रोसिंथेसिस किंवा असममित संश्लेषण असेल तर आणखी वर्षभर थांबा. जॅम देणाऱ्यांना पर्यायी प्रश्नांचा हा सराव जास्त कामाचा आहे, कारण जॅममध्येही एक किंवा अनेक बरोबर पर्यायांचे आणि संख्यात्मक उत्तरांचे प्रश्न असतात. कोर्सला नाव घालणं आणि व्याख्यानं ऐकणं पूर्ण मोफत आहे. पैसे लागतात ते फक्त परीक्षेच्या नोंदणीला, विषयामागे १,००० रुपये. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना निम्मे. भरण्याआधी त्या सत्राचा आकडा पानावर तपासावा. परीक्षेची नोंदणी कोर्स सुरू झाल्यानंतरही काही आठवडे खुली असते, त्यामुळे दोन कोर्सना नाव घालून पहिल्या दोन आठवड्यांची व्याख्यानं ऐकावीत, दोन्हींच्या असाइनमेंट भराव्यात आणि मग फी एकाच कोर्सची भरावी.